दुःखातला विसर्ग आणि पत्त्यापुढचे दोन ठिपके

मराठी मजकूर तपासायला घेतला की ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसतातच, पण त्यांच्या जोडीने ठिपक्यांच्या चुकाही तितक्याच निघतात. ‘पत्ता’ या साध्या शब्दाला विसर्ग चिकटलेला असतो आणि ‘दुःख’ विसर्गाला पारखं झालेलं असतं. ‘की’च्या मागे बसायचा स्वल्पविराम पुढे जाऊन पडलेला असतो. पीएच.डी.चे दोनाऐवजी तीन तुकडे झालेले असतात. शुद्धलेखनाला निदान नियम तरी आहेत. साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ साली शासनमान्य झाले, १९७२ साली आणखी चार आले, असे एकूण अठरा. विरामचिन्हांच्या वाट्याला मात्र व्याकरणाच्या पुस्तकातलं शेवटचं पान येतं. नावं पाठ होतात, वापर ज्याच्या त्याच्या कानावर सोडलेला.

याला इतिहासही आहे. मोडी लिपीत आधी आडवी रेघ ओढायची आणि तिला शब्द लटकवत जायचे. दोन शब्दांत जागासुद्धा सोडत नसत, मग स्वल्पविराम कुठला! बाळबोध, म्हणजे देवनागरी पोथ्यांत एकेरी आणि दुहेरी दंड एवढंच भांडवल होतं. आजची चिन्हं इंग्रजी अमलात छापखान्याबरोबर आली आणि कोशकार मेजर थॉमस कँडी यांनी १८५० साली त्यांवर मराठीत पुस्तिका लिहिली. चिन्हं परकी असली तरी ती ज्या वाक्यात बसतात त्याची घडण मराठी आहे, आणि ज्या कळफलकावरून ती उमटतात तो भलत्याच सोयीने मांडलेला आहे. बहुतेक घोळ या दोन गोष्टींतून होतात, म्हणून प्रत्येक चूक कुठून येते ते आधी पाहू. दुरुस्ती मग सोपी जाते.

विसर्ग आणि अपूर्णविराम

दिसायला दोघेही एकावर एक ठेवलेले दोन ठिपके. पण विसर्ग हा अक्षराचा भाग आहे, त्याला उच्चार आहे. ‘दुःख’, ‘अंतःकरण’, ‘मनःस्थिती’, ‘निःशुल्क’, ‘स्वतः’, ‘विशेषतः’ हे त्याचे शब्द. अपूर्णविरामाला उच्चार नाही. पुढे यादी, तपशील किंवा खुलासा येतो आहे एवढंच तो सांगतो. ‘पत्ताः’ असं लिहिलं तर प्रामाणिक वाचकाने ‘पत्ताह’ वाचायला हवं.

मग इतके लोक ‘विषयः’, ‘दिनांकः’, ‘स्थळः’ का लिहितात? भारतीय भाषांसाठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक पाहा. इंग्रजीत जिथे अर्धविराम आणि अपूर्णविराम असतात त्या कळीवर ‘च’ आणि ‘छ’ बसलेत, अवतरणचिन्हांच्या कळीवर ‘ट’ आणि ‘ठ’, प्रश्नचिन्हाच्या कळीवर ‘य’. म्हणजे अपूर्णविराम हवा असेल तर भाषा बदलून इंग्रजीत जा, तो उमटवा, परत मराठीत या. विसर्ग मात्र शिफ्ट दाबून वजाच्या कळीवर हाताशीच असतो. घाईत बोट तिकडेच जातं.

उलटी चूक फोनवर आणि जुन्या सवयीच्या हातांकडून होते. विसर्ग सापडत नाही, अपूर्णविराम समोर दिसतो, आणि ‘दु:ख’ तयार होतं. कागदावर फरक जवळजवळ कळत नाही. पण संगणकाच्या लेखी ते वेगळं चिन्ह आहे. ‘दुःख’ शोधलं की ‘दु:ख’ सापडत नाही, शब्दसूचीत तो शब्द भलत्या जागी जाऊन बसतो आणि शुद्धलेखन-तपासणी त्याच्याखाली लाल रेघ मारते.

शंका आली तर वर्डमध्ये कर्सर त्या ठिपक्यांच्या लगेच पुढे ठेवा आणि आल्ट+एक्स दाबा. ठिपक्यांच्या जागी ०९०३ आलं तर विसर्ग, ००३ए आलं तर अपूर्णविराम. पुन्हा आल्ट+एक्स दाबलं की चिन्ह परत येतं. लांब मजकुरात एकेक ठिपका तपासत बसायची गरज नाही. शोधाच्या चौकटीत विसर्ग आणि त्यापुढे एक मोकळी जागा टाका. शब्दाच्या शेवटी खरा विसर्ग असणारे शब्द मोजके असतात, आणि त्यातले बहुतेक ‘तः’ने संपतात : स्वतः, मुख्यतः, सामान्यतः, अंशतः. ते सोडून जे सापडेल ते जवळपास सगळं चुकीचं. मग नुसता अपूर्णविराम शोधा आणि ज्याच्या मागेपुढे जागा न सोडता अक्षरं चिकटली आहेत तेवढीच ठिकाणं पाहा. तिथे बहुधा विसर्ग हवा असतो.

अपूर्णविरामाच्या आधी जागा सोडायची का? इंग्रजीत सोडत नाहीत. मराठी छपाईत अनेक जण सोडतात, आणि त्याला सबळ कारण आहे : न सोडली तर विसर्गाचा भास होतो. आमचं मत सोडावी असंच आहे. फक्त ती साधी जागा असेल तर कधीतरी शब्द ओळीच्या शेवटी राहतो आणि ठिपके पुढच्या ओळीच्या तोंडाशी येऊन बसतात. त्यासाठी वर्डमध्ये कंट्रोल+शिफ्ट+स्पेस दाबून न तुटणारी जागा घाला. ‘विषय :-’ मधली ती आडवी रेघ सरकारी पत्रांतून घराघरांत पोचली आहे. ठिपक्यांनी काम झालेलं असतं, रेघ काढून टाकली तर काही बिघडत नाही.

स्वल्पविराम : कानाचं ऐकू नका

शाळेत सांगतात, जिथे थोडं थांबायचं तिथे स्वल्पविराम. मोठ्याने वाचायला हे ठीक, लिहायला अपुरं. बोलताना आपण श्वासासाठी थांबतो, ठसक्यासाठी थांबतो, शब्द आठवेना म्हणूनही थांबतो. त्यातलं काहीच कागदावर उतरवायचं नसतं. स्वल्पविराम वाक्याचा सांधा दाखवतो.

सगळ्यात मोठी खोड ‘की’ची. ‘तो म्हणाला की, मी उद्या येतो’ हे इतकं रुळलं आहे की चूक वाटतच नाही. पण ‘की’ पुढच्या वाक्याचं दार आहे, ते पुढच्याच घराला लागतं. म्हणून ‘तो म्हणाला, की मी उद्या येतो.’ वाक्य लहान असेल तर स्वल्पविराम अजिबात नको : ‘मला वाटतं की पाऊस येईल.’ आणि बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे द्यायचे असतील तर ‘की’लाच सुट्टी द्या : तो म्हणाला, “मी उद्या येतो.” जाता जाता : मराठीतला ‘की’ नेहमी दीर्घ. ऱ्हस्व ‘कि’ हिंदीचा.

‘जर-तर’, ‘जेव्हा-तेव्हा’, ‘जो-तो’ अशा जोड्यांत दुसऱ्या शब्दाच्या आधी स्वल्पविराम येतो. ‘पाऊस थांबला, तर निघू.’ ‘आणि’, ‘व’, ‘किंवा’ यांच्या आधी यादीत तो लागत नाही : ‘आंबे, केळी आणि पेरू’. मात्र ‘आणि’ने दोन पूर्ण वाक्यं जोडली असतील आणि दोन्हींचे कर्ते वेगळे असतील, तर दिलेला बरा. ‘घरी जाऊन, हातपाय धुऊन, जेवायला बसला’ यात दोन्ही स्वल्पविराम फुकटचे. ‘ऊन’ प्रत्यय तो सांधा आधीच दाखवतो. तीच गोष्ट कर्त्याची. ‘आमच्या गावातल्या शाळेचे जुने मुख्याध्यापक, काल भेटले’ इथे लांब कर्त्यानंतर श्वास घ्यावासा वाटतो म्हणून स्वल्पविराम पडतो, आणि कर्ता-क्रियापदात नसलेली भिंत उभी राहते.

चिन्हाने अर्थ कसा पालटतो ते एका वाक्यात बघा. ‘सुनीता म्हणाली आई येणार नाही’ हे बिनचिन्हांचं वाक्य. ‘सुनीता म्हणाली, “आई येणार नाही.”’ यात आई घरीच राहते. ‘“सुनीता,” म्हणाली आई, “येणार नाही.”’ यात घरी सुनीता राहिली, आणि बोलणारीही बदलली. शब्द तेच, क्रमही तोच.

अप्रत्यक्ष प्रश्नाला प्रश्नचिन्ह लावू नका. ‘तो कधी येणार आहे, हे मला माहीत नाही’ हे विधान आहे. ‘कधी’ दिसला की हात प्रश्नचिन्हाकडे जातो तेवढंच. याच वाक्यात ‘माहिती नाही’ असंही हमखास येतं. माहिती मिळवायची असते. एखादी गोष्ट माहीत असते किंवा नसते.

अवतरणचिन्हांचा साधा हिशेब : कुणाचं बोलणं दुहेरीत, आणि एखाद्या शब्दाविषयी बोलत असू तो शब्द किंवा वृत्तपत्राचं, संस्थेचं नाव एकेरीत. प्रत्यय एकेरी चिन्हाच्या बाहेर, पण चिकटून : ‘केसरी’मध्ये, ‘केसरी’चा. उद्गारचिन्ह एकच पुरतं. तीन दिले की आनंद तिप्पट होत नाही. लोपचिन्हाचे ठिपके तीन, सात नव्हेत.

शतक गाळून वर्ष लिहिताना एक गंमत होते. ’७२चा दुष्काळ, ’९३ची दंगल. इथे अंकांआधी येते ती गाळलेला ‘१९’ दाखवणारी खूण, मिटणाऱ्या एकेरी अवतरणचिन्हाच्या आकाराची. वर्डला वाटतं अवतरण सुरू होतंय, आणि तो उलटं, उघडणारं चिन्ह घालतो. चिन्ह दोनदा उमटवा; दुसरं आपोआप मिटणारं येईल. मग पहिलं पुसा.

संक्षेप

मराठी संक्षेपात शब्दाचं पहिलं अक्षर काना-मात्रा-वेलांटी-अनुस्वारासकट घेतात. ‘अक्षर’ म्हणजे इथे जोडाक्षरसुद्धा. पांडुरंग वामन काणे झाले पां. वा. काणे, ‘पा. वा.’ नव्हेत. श्रीधर व्यंकटेश केतकर झाले श्री. व्यं. केतकर. गोपाळ नीलकंठ दांडेकर हे गो. नी. दांडेकर, वेलांटी पहिली दिली तर नीलकंठाचा निलकंठ होतो. नामदेव धोंडो महानोर यांचे ना. धों., त्यातला अनुस्वार तर अर्धे छापणारे गिळतात. प्रत्येक ठिपक्यानंतर एक जागा सोडा, आणि शक्य तर ती न तुटणारी सोडा. नाहीतर ‘पु.’ एका ओळीत आणि ‘ल.’ दुसऱ्या ओळीत.

लग्नपत्रिका हा संक्षेपांचा खरा परीक्षाहॉल. वराच्या नावाआधी ‘चि.’, म्हणजे चिरंजीव. वधूच्या नावाआधी ‘चि. सौ. कां.’, म्हणजे चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी. त्या ‘कां’वरचा अनुस्वार ‘कांक्षा’तून आलेला आहे, म्हणजे इच्छेतून. तो गाळून ‘का.’ छापलं की कशाचा संक्षेप तेच कळत नाही, आणि पाचशे प्रती छापून झाल्यावर कुणीतरी मावशी तेवढंच दाखवते. ‘श्री’चं दुहेरी वागणं इथेच सांभाळायचं : देवाच्या नावाआधीचा श्री हा पूर्ण शब्द, त्याला ठिपका नाही, श्रीयुत या अर्थी माणसाच्या नावाआधी येतो तेव्हा ‘श्री.’ असा ठिपक्यासह. ‘श्री गणेश प्रसन्न’ आणि ‘श्री. व सौ. कुलकर्णी’ एकाच पत्रिकेत दोन्ही बरोबर.

वेळेचा ‘वा.’ आणि क्रमाचा ‘वा’ यांचा गोंधळ तर निमंत्रणांत ठरलेला. ‘रविवारी सायं. ५ वा ५ वा वर्धापनदिन’ असं वाचल्यावर माणूस दोनदा थबकतो. वाजता या अर्थी संक्षेप आहे म्हणून ठिपका आणि आधी जागा : ‘५ वा.’ पाचवा या अर्थी प्रत्यय आहे म्हणून ठिपका नाही आणि जागाही नाही : ‘५वा’. त्याहून चांगलं, अक्षरी ‘पाचवा’ लिहा. वाक्य ‘५ वा.’ने संपत असेल तर पूर्णविरामासाठी दुसरा ठिपका द्यायचा नाही, एकच दोन्ही कामं करतो.

संक्षेपाला प्रत्यय लावायची वेळ आली की संक्षेप उलगडा. ‘डॉ.नी तपासलं’, ‘कि.मी.वर आहे’, ‘जि.त पाऊस’ हे वाचायचं कसं? ‘डॉक्टरांनी’, ‘किलोमीटरवर’, ‘जिल्ह्यात’ लिहायला दोन क्षण जास्त लागतात एवढंच. ‘इ.’ शक्यतो टाळाच. तो इत्यादी असतो, इयत्ता असतो आणि ‘इ. स.’मध्ये इसवी असतो. आणि ‘उदा.’ने सुरू केलेली यादी ‘इत्यादी’ने संपवू नका, ‘उदाहरणार्थ’ म्हटलं तिथेच यादी अपुरी आहे हे सांगून झालं. ‘जसे की’ हा हिंदी ‘जैसे कि’चा सख्खा भाऊ. मराठीत ‘जसं’ किंवा ‘उदाहरणार्थ’ पुरतं.

इंग्रजी पदव्यांचे ठिपके मात्र इंग्रजीतल्या मूळ रूपावरूनच द्यावे लागतात. फिलॉसफी या शब्दाच्या सुरुवातीचे पी आणि एच मिळून एकच ध्वनी होतो, म्हणून त्यांच्यामध्ये ठिपका नाही : ‘पीएच.डी.’ तीन ठिपक्यांचं ‘पी.एच.डी.’ म्हणजे फिलॉसफीची फोड झाली. वकिलीच्या पदवीत लॅटिन शब्दाचं बहुवचन दाखवायला एल हे अक्षर दोनदा येतं, म्हणून ‘एलएल.बी.’, ‘एल.एल.बी.’ नव्हे. ‘एम.एस्सी.’मध्ये एस आणि सी दोन्ही सायन्स या एकाच शब्दाचे, तर ‘एस.एस.सी.’ ही तीन वेगळ्या शब्दांची आद्याक्षरं, म्हणून तिथे तीन ठिपके रास्त. ‘बी.कॉम.’मधलं ‘कॉम.’ हा तोडलेला शब्द, त्याच्या शेवटी ठिपका हवाच.

ज्या आद्याक्षरांचा सलग शब्द झाला त्यांना ठिपके नाहीत : युनेस्को, इस्रो, नाबार्ड. राहिली एसटीसारखी नावं. ‘एस.टी.’ लिहा किंवा ‘एसटी’, दोन्ही चालतात. वृत्तपत्रं सहसा ठिपके देत नाहीत आणि प्रत्ययही ‘एसटीने’, ‘एसटीत’ असे सहज लागतात. फक्त एका लेखात एकच. पहिल्या परिच्छेदात ठिपके आणि तिसऱ्यात गायब, हे सगळ्यात जास्त खटकतं.

चिकटवायचं काय, सोडायचं काय

फोनवर सुचवलेला शब्द निवडला की त्यापुढे आपोआप जागा पडते. त्यातून ‘घरा समोर’, ‘पुण्या हून’, ‘तुमच्या साठी’ अशी मोडतोड जन्माला येते. इंग्रजी आणि हिंदी वाचनाची सवय तिला हातभार लावते, कारण तिथे हे शब्द सुटे असतात. मराठीत ओळखायची खूण सोपी आहे. आधीचा शब्द सामान्यरूपात असेल तर तो एकटा उभा राहू शकत नाही. ‘पुण्या’, ‘घरा’, ‘मुलां’ यांना स्वतंत्र अर्थ नाही, म्हणून पुढचा शब्दयोगी चिकटणारच : पुण्याहून, घरासमोर, मुलांसाठी. ‘पुणे येथे’ मध्ये ‘पुणे’ मूळ रूपात आहे, तो सुटा राहतो. ‘झाडा खाली बसू’ असं लिहिलं तर वाचणारा आधी झाडू शोधायला जातो.

उलट, स्वल्पविराम आणि पूर्णविराम आधीच्या शब्दाला चिकटून आणि पुढे एक जागा. ‘आला ,गेला’ ही चूक लहान वाटते, पण ओळ तिथे तुटली की स्वल्पविराम ओळीच्या सुरुवातीला एकटा लोंबतो. कंसाच्या आत जागा सोडत नाहीत, बाहेर सोडतात.

जोडशब्दांत छोटी रेघ म्हणजे संयोगचिन्ह, त्याच्या दोन्ही बाजूंना जागा नाही : ‘आई-वडील’, ‘पाच-सहा’. वाक्य मध्येच तोडून काही सांगायचं असेल तर लांब रेघ, अपसारणचिन्ह. ‘१९६२ पासून–१९७२’ असं अर्धं शब्दांत आणि अर्धं चिन्हात लिहू नका. एक तर ‘१९६२ ते १९७२’, नाहीतर नुसती रेघ.

हिंदी कळफलकाची देणगी

फोनमध्ये मराठीऐवजी हिंदी कळफलक निवडलेला असेल तर पूर्णविरामाच्या जागी दंड येतो। असा. मराठी गद्यात दंड नाही. तो अभंग, ओव्या आणि श्लोकांत राहिला. तेव्हा फोनच्या भाषांच्या यादीत ‘मराठी’ वेगळी असते, ती घ्या.

दुसरी देणगी ‘ऍ’. मराठीत बँकेतला आवाज शब्दाच्या सुरुवातीला आला तर तो अ-वर चंद्र देऊन लिहितात : ॲप, ॲसिड. शासनाच्या २००९ सालच्या प्रमाण वर्णमालेत ॲ आणि ऑ यांना जागा आहे, आणि युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या जागतिक अक्षरसंचात, ॲ हे स्वतंत्र अक्षर २००८ साली आलं. त्याआधीची सवय म्हणून काही जण ‘अ’ उमटवून त्यावर वेगळा चंद्र देतात. दिसतं जवळपास तसंच, पण विसर्गाचंच दुखणं इथेही : संगणकाला ती दोन चिन्हं वाटतात आणि शोध फसतो.

मराठीचा खास दागिना म्हणजे ‘ऱ्य’. ‘दऱ्या’ डोंगरात असतात आणि ‘दर्या’ कोकणात. ‘आचाऱ्याला बोलवा’ म्हटलं तर स्वयंपाकाची सोय होते, ‘आचार्याला बोलवा’ म्हटलं तर प्रवचनाची. रफार दिला की अर्थच गेला. इन्स्क्रिप्टवर शिफ्टसह जेची कळ दाबली की ‘ऱ’ येतो, त्याला हलन्त देऊन पुढे ‘य’ किंवा ‘ह’ लावा. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्या कळफलकांवर आधी रफारच पुढे येतो, तेव्हा सुचवलेल्या शब्दांतून नीट निवडा. सोन्याचे ‘तोळे’ मोजावेत तसं बघून निवडावं लागतं, कारण दोन्ही रूपं शुद्धलेखन-तपासणीला मान्य असू शकतात.

‘रु’ आणि ‘रू’ हे आणखी एक जोडपं. छापील अक्षरांत त्यांचा फरक शेपटीएवढा. ‘रुपये’ ऱ्हस्व, म्हणून संक्षेपही ‘रु.’. ‘सुरू’ शेवटी दीर्घ, पण ‘सुरुवात’ ऱ्हस्व. ‘गुरू’ दीर्घ, ‘गुरुवार’ ऱ्हस्व. ‘रूप’ आणि ‘करून’ दोन्ही दीर्घ.

आकडे

मराठी मजकुरात देवनागरी आकडे धरले की शेवटपर्यंत तेच. गट पाडताना शेवटचे तीन, मग दोन-दोन : १,२५,०००. एक्सेलमध्ये १२५,००० असं दिसत असेल तर दोष एक्सेलचा नसतो. विंडोजच्या प्रदेश-मांडणीत अंकांचे गट कसे पाडायचे ते ठरतं, तिथे भारतीय पद्धत निवडा. ‘₹’ हे चिन्ह केंद्राने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलं. ते वापरलं तर पुन्हा ‘रु.’ नको. ‘५००/-’ मधली तिरकी आणि आडवी रेघ पावतीवर पुढे कुणी आकडा घुसडू नये म्हणून असते. लेखात आकडा घुसडायला कोणी बसलेलं नसतं, तिथे ‘५०० रुपये’ लिहा. तारखेला ‘दि.’ आणि ‘रोजी’ दोन्ही लावायची गरज नाही, एक पुरे.

शेवटचा हात फिरवताना

क्रम महत्त्वाचा. आधी यंत्राला करता येईल ते यंत्राकडून करून घ्या. वर्डमध्ये कंट्रोल+एच उघडा. दोन जागांच्या ठिकाणी एक जागा, ‘बदल शून्य’ येईपर्यंत पुन्हा पुन्हा. मग ‘जागा-स्वल्पविराम’च्या ठिकाणी नुसता स्वल्पविराम, तसंच पूर्णविराम, प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्हाचं. ‘की,’ शोधा, पण इथे ‘सगळे बदला’ दाबू नका : ‘नक्की,’ आणि ‘बाकी,’ यांच्या शेपटीतही तेच अक्षर आहे. एकेक बघत जा. मग वर सांगितलेला विसर्गाचा शोध. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेला मजकूर असेल तर अवतरणचिन्हं, विसर्ग आणि ‘ऱ्य’ हे तीन आधी तपासा. त्या फॉन्टांत अक्षरं इंग्रजी चिन्हांच्या जागांवर बसवलेली असतात, रूपांतरात घोळ तिथेच होतो.

त्यानंतर माणसाने बघायचं. ‘केले’ आणि ‘केलं’, ‘असे’ आणि ‘असं’ यांची सरमिसळ आहे का? दोन्ही रूपं चालतात, एका लेखात एकच. आदरार्थी अनुस्वार राहिलेत का? ‘साहेबाना’, ‘बाबानी’ असं दिसलं तर ‘साहेबांना’, ‘बाबांनी’ करा. हे वाचन पडद्यावर न करता छापून करा, आणि अक्षर दोन पॉइंटांनी मोठं ठेवा. बारा पॉइंटांत अनुस्वार आणि रफार एकमेकांत मिसळतात.

पत्रिका किंवा फलक असेल तर छापखान्याकडून अंतिम प्रूफ मागवा आणि ते फोनवर चित्र म्हणून नाही, कागदावर बघा. नावं उलट्या क्रमाने वाचा, शेवटच्या ओळीपासून वर. गाळलेलं अक्षर काकपद (^ अशी खूण) देऊन कागदाच्या कडेला, समासात लिहा, शब्दावर गिरवू नका. जुळवणाऱ्याला ते वाचता येत नाही आणि तो अंदाजाने काहीतरी जुळवून देतो.